पूल संपेपर्यंत

ती. वहिनींस,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? चष्म्याची डावी दांडी सैल झाल्याचं मागे बोलला होतात. ती दोऱ्याने बांधून चालवू नका, मी येऊन स्क्रू आवळून देईन. (दोरा बांधलेला चष्मा लावून माझीच वहिनी रस्त्याने गेली, तर माझ्या दुकानात चष्मा करायला कोण येईल?)

पत्राचं कारण तुमचा प्रश्न. तुमची लेक, म्हणजे दादाची 'इन्स्पेक्टर', परवा फोनवर म्हणाली, "काका, आई विचारत होती, भावोजी खरंच गायले का गं?" मी म्हटलं, कधी विचारलं? तर म्हणे भाजी निवडताना, आपण होऊन. वहिनी, दादा गेल्यापासून तुम्ही आपण होऊन कोणाला काही विचारल्याचं माझ्या कानावर आलेलं नव्हतं. आम्ही काही विचारलं की "हो", "नको", "बघू" एवढंच. रेडिओवर तुम्ही कापड घालून ठेवलंय. सहलीचं विचारायला आलो तेव्हा "तुम्ही जाऊन या" म्हणून दार हळूच लोटून घेतलंत. (जोरात लोटलं असतंत तरी परवडलं असतं.) तेव्हा एवढ्या दिवसांनी आलेल्या प्रश्नाला फोनवर "हो" म्हणून वाटेला लावणं मला बरं वाटेना. शिवाय फोनवर मला बोलता येत नाही. दिवसभरात माझ्या तोंडून निघणारी वाक्यं म्हणजे "हे बरं दिसतं की हे?" आणि "आता खालची ओळ वाचा". म्हणून सविस्तर लिहितो.

पुलाचा नियम तुम्हाला मी काय सांगणार! तुम्ही घरात आल्यावरच्या पहिल्याच सहलीत दादाने तो काढला, आणि तुम्हाला गायला लावायचं म्हणूनच काढला, असं माझं मत आहे. गाडी पुलावर चढली की ज्याचा नंबर असेल त्याने गाणं सुरू करायचं आणि पूल संपेपर्यंत थांबायचं नाही. खोकला आला, शब्द विसरले, खिडकीतून माशी तोंडात गेली, तरी नाही. चालकाला मात्र माफी. ही माफी दादाने माझ्यासाठी ठेवली होती, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. त्यावर आम्ही जन्मात एक शब्द बोललो नाही. मी गाडी चालवायची, त्याने शेजारी नकाशा घेऊन बसायचं आणि मला चुकीच्या रस्त्याला लावायचं, अशी आमची वाटणी होती.

ते तळं आठवतं का? नकाशात निळा ठिपका दिसतोय म्हणून दादाने आपल्याला शेतातल्या रस्त्याने नेलं, आणि भिंतीच्या खिंडारातून आत शिरून आपण काठावर सतरंजी पसरली. पाणी कसं संथ आहे, पक्षी कसे नाहीत, यावर त्याने व्याख्यान दिलं. वास येत होता, पण बोलायचं कोणी? डबा उघडल्यावर तो वास डब्याचाच असावा असं प्रत्येकाला वाटलं आणि डबा माझ्या बायकोने केलेला असल्यामुळे सगळे भलेपणाने गप्प राहिले. मग तुम्ही गायलात. तुमचं ते आवडतं, सावकाश चढत जाणारं. गाणं संपलं तेव्हा मागे एक पहारेकरी उभा होता. तो म्हणाला, "बाई, गाणं फार गोड, पण हे गावाचं सांडपाणी साफ करायचं ठिकाण आहे." दादा एक क्षणही न डगमगता म्हणाला, "म्हणजे चाललंय ना साफ होत? बसा, तुम्हीही बसा." आणि तो बसला की हो! त्याने तुम्हाला आणखी एक म्हणायला लावलं. अशा जागी मैफल जमवणारं घराणं दुसरं नसेल.

तर यंदाची सहल. सकाळी गाडी काढली आणि पहिलाच पेच आला. पुढच्या सीटवर कोणी बसेना. माझी थोरली बहीण असून आक्का म्हणाली, "मला मागे बरं." तुमची जाऊ म्हणाली, "मला पुढे ऊन लागतं." (तेव्हा सूर्य उगवायचा होता.) इन्स्पेक्टर सरळ त्या दोघींच्या मध्ये जाऊन बसली. तिघी मागे लोणच्यासारख्या दाबून बसलेल्या आणि पुढे माझ्या शेजारी चहाचा थर्मास असलेली पिशवी. पिशवी जड, त्यामुळे गाडीला वाटलं माणूसच बसलाय, आणि पट्टा लावला नाही म्हणून ती टुंग टुंग करायला लागली. शेवटी पिशवीला पट्टा लावला. पिशवी सरळ बसली. दादापेक्षा सरळ.

रस्ता मी निवडला होता, आणि इथेच माझी चूक झाली. दादा नेहमी जास्त पूल असलेला रस्ता घ्यायचा, मग दुप्पट वेळ लागला तरी. म्हटलं, यंदा तो नाही तर निदान पूल तरी भरपूर असावेत. म्हणून नकाशावर ज्या रस्त्याला पुलाची खूण सगळ्यात लांबपर्यंत दिसली तो मी धरला. पुलावर गाडी चढली, आणि तुमच्या जावेने सुरू करण्यासाठी घसा खाकरला, तोच मागून आक्का म्हणाली, "थांब. आज पहिला नंबर त्याचा." मी आरशात बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, "आक्का, चालकाला माफी आहे." ती म्हणाली, "माफी देणारा गेला. आता घरात मोठी मी. गा." (शाळेत इतकी वर्षं मुख्याध्यापिका राहिलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यातून तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे तुमचा मुद्दा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. गाणंसुद्धा ती ऐकत नाही, तोंड हलतंय का एवढंच बघते.)

आता मला गाणी सगळी येतात, तुमची आणि दादाची ऐकून ऐकून पाठच आहेत. पण त्यांना चाल असते आणि माझ्या गळ्याला ती नसते. म्हणून मी सगळ्यात सोपं धरलं. गाडीत सामान भरताना दादा स्वतःच जुळवलेलं जे म्हणायचा ते:

"थर्मास घेतला, छत्री घेतली, सतरंजी कुठे गेली गं?
सगळं सामान जागेवर बसलं, किल्ली कुठे राहिली गं?"

म्हटलं, दोन कडवी आहेत, पूल ओलांडायला पुरतील. वहिनी, तो पूल नव्हताच. तो हल्लीच खुला झालेला, घरांच्या डोक्यावरून जाणारा वरचा रस्ता होता. त्याला शेवट दिसेना. दोन्ही कडवी संपली, पुन्हा म्हटली, पुन्हा संपली. इन्स्पेक्टरने हरकत घेतली की खाली नदी नाही, तेव्हा हा पूल धरू नये. आक्काने निकाल दिला, "खाली पोकळी आहे ना? मग पूल." आणि तेवढ्यात पुढे काहीतरी बंद पडलं आणि सगळी वाहनं जागच्या जागी उभी राहिली.

उभ्या गाडीत गाणं ही गोष्ट फार वेगळी असते. चालत्या गाडीतलं गाणं वाऱ्यावर मागे जातं. उभ्या गाडीतलं तिथेच राहतं आणि शेजाऱ्यांना ऐकू जातं. उकडत होतं, काचा उघड्या. डावीकडे गाद्यांनी भरलेला ट्रक, उजवीकडे मोटारसायकलवर नवराबायको. मी किल्ली कुठे राहिली गं, किल्ली कुठे राहिली गं करतोय. मोटारसायकलवरच्या बाईने कळवळून विचारलं, "काका, हँडबॅगेत बघितलंत का?" ट्रकवाला वरून म्हणाला, "किल्ली गाडीलाच हाय की, तुम्ही बिनधास्त गा!" कडवी पुन्हा पुन्हा म्हणून मला माझीच शरम वाटायला लागली, तेव्हा मी सामान वाढवलं. जे दिसेल ते घेत सुटलो. गादी घेतली, उशी घेतली, ट्रकवाल्याचा रुमाल घेतला. मोटारसायकल घेतली, हेल्मेट घेतलं. मागे तिघी टाळ्या देत होत्या. मग ट्रकवाल्याने हॉर्नवर ठेका धरला, आणि त्या हॉर्नमुळेच वाहतूक पोलीस आला.

त्याने आत बघितलं. घामाने निथळणारा, लाल तोंडाचा माणूस, शेजारी पट्टा बांधलेली पिशवी, मागे टाळ्या वाजवणाऱ्या तीन बायका. त्याने मऊ आवाजात विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?" आक्का म्हणाली, "त्याचं गाणं चालू आहे, मध्ये बोलू नका." पोलीस गडबडला आणि सवयीने म्हणाला, "लायसन्स दाखवा." थांबायचं तर नाही! म्हणून मी त्याच चालीवर गायलो, "लायसन्स घेतलं, पाकिटात ठेवलं, पाकीट कुठे गेलं गं?" आणि खरंच सापडेना. "साहेबाला गं म्हणतोस होय!" आक्का ओरडली. तुमच्या जावेने पाकीट आपल्या पर्समधून काढून दिलं. पोलिसाने लायसन्स बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाला, "फोटोत तुम्ही फार शांत दिसता हो." मग तो पुढे जाऊन शिट्टी मारायला लागला. ती ठेक्यात होती, असं इन्स्पेक्टरचं म्हणणं आहे.

त्यानंतर दिसणारं सगळं सामान संपलं. म्हणून मी घरातलं घ्यायला लागलो. दादाची टोपी घेतली, दादाचा मफलर घेतला, दादाचा चष्मा घेतला. (त्याचा नंबर मीच काढायचो, म्हणून तो आठवला असावा.) तिथे माझा घसा बसला. वर धूळ फार होती. पण गाणं थांबलं नाही, कारण मागून तिघींनी ते उचललं, आणि त्याने घातलेली, हरवलेली, उसनी आणून परत न केलेली एकेक वस्तू घेत घेत पुढे नेलं. आक्कासुद्धा गात होती. तिचा सूर वेगळ्याच गावचा, पण आवाज खणखणीत. मला रस्ता नीट दिसावा म्हणून मी चष्मा पुसला, तोवर पुढची गाडी हलली. पूल संपला तेव्हा ट्रकवाल्याने हात केला. आमच्या चौघांचं हसून हसून पोट दुखत होतं. वहिनी, दादा गेल्यापासून मी तसा हसलो नव्हतो.

बागेत पोहोचलो तर बाग डागडुजीसाठी बंद. फाटकाबाहेर गाड्या लावतात तिथे सतरंजी पसरून डबा खाल्ला. वास कसलाही नव्हता, तेव्हा जरा चुकल्यासारखं झालं. परतीचा प्रवास शांतपणे पार पडला.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की हो, गायलो. तुम्ही पुढच्या वेळी यावं असा आमचा कसलाही आग्रह नाही. तुमच्या मनाला येईल तेव्हा. धाकट्यांना आशीर्वाद सांगावे तर तुमच्या घरात एकटी इन्स्पेक्टर, आणि ती त्यावरही हरकत घेईल, म्हणून ते तुम्हीच आम्हाला द्यावे.

आपला,
भावोजी

ता. क. परतीचा प्रवास शांतपणे पार पडला असं वर लिहिलंय ते खरं आहे, पण कारण लिहायचं राहिलं. परतताना पूल आला तेव्हा आक्का म्हणाली, "आता नंबर वहिनीचा." इन्स्पेक्टर म्हणाली, "आई नाहीये ना, पुढचं कोणी घ्या." आक्का म्हणाली, "नंबर ओलांडायचा नाही. ती येईल तेव्हा पुढे." त्यामुळे येताना सगळे पूल आम्ही गप्प बसून ओलांडले. वरचा रस्तासुद्धा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो जाताना एवढा लांब नव्हता. तेव्हा वहिनी, तुमच्यावाचून आमचं अडलंय, आणि हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही.

आणखी ता. क. मोठं गाणं नको असेल तर मी दुसरा रस्ता बघून आलोय. त्यावरचा पहिला पूल म्हणजे नुसती ओढ्यावरची मोरी आहे. तोंड उघडलं की संपते. गुणगुणलात तरी आक्का धरेल, तिला काय कळतंय! नाहीच जमलं तर नुसतं तोंड हलवा. आम्ही कोणाला सांगणार नाही.

शेवटची ता. क. आग्रह नाही असं जे लिहिलंय, ते पत्र टपालात टाकायचा बेत होता तेव्हाचं आहे. आता हे मी गाडीत बसून लिहितोय; खाली आलेली तुमची लेक ते वर नेऊन तुम्हाला चहाच्या कपाबरोबर देईल, आणि तुम्ही ही ओळ वाचत असाल तेव्हा आम्ही तिघं तुमच्या इमारतीखाली गाडीत बसलेलो असू. वर येऊन बोलावं असं तुमची जाऊ म्हणते आहे, पण मला बोलता येत नाही. कप तसाच ठेवून या, चहा आणलाय. गाडी तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या जागेत लावली आहे आणि ते कोपऱ्यावरून वळताना दिसतायत.