वरच्या सुरातल्या बायका

३ मार्च
परीक्षा! आवाजाची! माझी!
आमचा चर्चचा गायकवृंद चालवणाऱ्या वुब्बोने आज तालमीत सगळ्यांसमोर जाहीर केलं — ईस्टरच्या कार्यक्रमाआधी वरच्या सुरातल्या बायकांनी एकेकटीने येऊन गाऊन दाखवायचं. "तुमचा आवाज पोचतच नाही." जी नापास, ती ईस्टरला घरी!
खालच्या सुरातल्या बाप्यांना मात्र माफी. तो हार्म घोरल्यासारखा गातो, तो चालतो!
घरी येऊन भांडी आपटली.

५ मार्च
या वुब्बोला मी काय आज ओळखते? लहान होता तेव्हा शाळा सुटली की आमच्या दारात हजर — "ग्रीतमावशी, चर्चची किल्ली द्या ना!" ऑर्गनपाशी बसला की उठायचं नाव नाही. मी मोहरीचं सूप नेऊन द्यायची, ते गारढोण व्हायचं. पुढे शहरात शिकला, ब्रेमेन-कोपनहेगनला मोठमोठे ऑर्गन वाजवून टाळ्या घेतल्या. तरी आमचा गायकवृंद सोडला नाही, म्हणून बेकरीत मी छाती फुगवून सांगत आले. कशाला सांगितलं!
आणि कान काय तिखट! हवा दमट झाली की आमच्या ऑर्गनची सगळ्यात लहान, सगळ्यात वरच्या सुराची नळी अडकते — बोट उचललं तरी शिट्टी चालूच. प्रवचन चालू असलं तरी हा ती सोडवायला धावत सुटायचा. "दातात सुई घुसते हो, मावशी!"
असल्या कानाला माझा आवाज पोचत नाही म्हणे.

९ मार्च
शेजारची त्रीन म्हणते, "जाऊच नकोस. तू नाही, तर मीही नाही. गाऊ दे त्याला एकट्याला!"
मी म्हटलं, जाणार! खिडक्या हादरवून येणार!

११ मार्च
राग उतरत नाही. दूध मात्र उतू गेलं.

१२ मार्च
गेले. पावसाळी, दमट हवा. वुब्बो पाठमोरा वाजवत होता. थांबला, हात मांडीवर ठेवले — आणि ती मेली नळी अडकली! अशी किंचाळली की मी कानांवर हात ठेवले.
शिट्टी चालूच, आणि तो बसूनच. मग वळून हसला.
"किती शांत वाटतं ना इथे, मावशी? हं, गा."
घरून घोकून आणलेलं सगळं भांडण गिळलं. आणि गायले — हार्मच्या सुरात, उतरता येईल तितकं खाली.