आत वळलेला कोपरा

१५ एप्रिल
कॉलेजात भावी शिक्षकांचा भूमितीचा पहिला तास. तेवीस जण. आणि खिडकीपाशी परत तीच – इतोहारा सायो! गेल्या वर्षी मीच तिला नापास केलं होतं. तिच्या उत्तरपत्रिकेत नुसत्या आकृत्या, बाण, रंगीत पेनाने भरलेले कोन. शब्द जवळजवळ नाहीतच. खोलीत बोलावून म्हटलं होतं, "चित्र म्हणजे सिद्धता नव्हे. शिक्षकी पेशा तुझ्यासाठी नाही, दुसरं काही बघ."  तिने खाली वाकून नमस्कार केला नि गेली.
आज तसाच वाकून नमस्कार केला. मीच पटकन हजेरीत तोंड घातलं.

१८ एप्रिल
शुन्जी पहाटे सरोवरावर गेला, आठाला परत. शिंपले चांगले मिळाले. सकाळी सूप. नवरा चिखलाच्या बुटांत आणि मी खडूच्या धुळीत – आमच्या घरात स्वच्छ असं कुणीच नाही.

२२ एप्रिल
समांतर रेषा. तासभर छान रंगला. या पोरांना आठवीतलं सगळं पाठ, पण "हे खरं कशावरून?" विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मला हाच क्षण आवडतो. बावीस वर्षं झाली, अजून आवडतो.

७ मे
इतोहाराने हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदाच!
बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६०. मी नेहमीसारखी आधी "बहिर्वक्र" असं लिहिलं, सिद्धता केली. खाली एक ओळ – "इतर आकृत्यांचा विचार येथे नाही."
"बाई, इतर म्हणजे कुठल्या?"
"ज्यांचा एखादा कोपरा आत वळलाय त्या."
"आणि वर्गात एखाद्या मुलाने नेमकी तीच काढली तर?"
सगळे हसले. मी म्हटलं, "पुस्तकात नसते गं ती. सांगायचं, आपण नेहमीचीच घेऊ." ती "हो बाई" म्हणाली. लिहून घेतलं असावं. 

१० जून
इतोहारा माझ्या कॉलेजातल्या खोलीत आली. गृहपाठाची दोन पानं सिद्धता – शब्दांत! सातव्या ओळीत जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलंय. दाखवलं. कानापर्यंत लाल झाली. "परत लिहून आणते."

१३ जून
आणली. आता नवव्या ओळीत चूक.

१७ जून
बरोबर. एकही शब्द जास्तीचा नाही. मी खाली "छान" लिहिलं, तर ती त्या शब्दाकडेच बघत बसली. मग म्हणाली, "आमचं सोबा शेवयांचं दुकान आहे, इझुमोकडे. बाबा पीठ मळतात. किती पाणी घालायचं ते सांगताच येत नाही त्यांना, नुसतं 'हाताला कळतं' म्हणतात. माझंही तसंच व्हायचं. दिसायचं, सांगता यायचं नाही."
मी चहा केला. गेल्या वर्षीचं बोलणं तोंडाशी आलं होतं. गिळलं.

२९ जुलै
निकाल लावला. इतोहारा – एकसष्ट. साठला पास. दोनदा तपासली, एकही गुण मेहेरबानीचा नाही. मला उगीचच इतका आनंद झाला की शुन्जी म्हणाला, "पास कोण झालं, ती की तू?"

१४ ऑगस्ट
सासूबाईंच्या थडग्यावर जाऊन आलो. ऊन, ऊन, ऊन. कलिंगड.

९ सप्टेंबर
तिसऱ्या वर्षाच्या मुलांचा शाळेतला सराव सुरू. आमच्या जोडशाळेत, म्हणजे कॉलेजला जोडलेल्या शाळेत, चार जण, त्यात इतोहारा. तिचा शेवटचा पाठ मी बघायचा आहे. विषय – बाह्यकोनांची बेरीज. आठवी.

२६ सप्टेंबर
आज इतोहाराचा शेवटचा पाठ झाला. सगळं नीट लिहून ठेवते. विसरायला नको.
मागच्या भिंतीशी आम्ही दोघं – मी आणि शाळेतले गणिताचे नागामी सर, तिच्या सरावाचं काम बघणारे. हातात तिचं पाठाचं टाचण, मिनिटामिनिटाचं. पहिली पंधरा मिनिटं अगदी टाचणाबरहुकूम. मुलांनी आपापल्या आकृत्या काढल्या, बाह्यकोन मोजले. तीनशे साठ, तीनशे साठ, तीनशे एकोणसाठ ("पेन्सिल जाड आहे, बाई!").
मग मोरिवाकी नावाची एक मुलगी. कपाळावर आठ्या. "माझे चारशे चाळीस येतात."
हशा. "कोनमापक उलटा धरलास!"
"नाही धरला! तीनदा मोजले."
इतोहाराने तिची वही उचलली. मला मागूनसुद्धा दिसलं. चौकोन, पण एक कोपरा आत गेलेला, जणू कुणी बोटाने दाबलाय. बाहेरच्या तीन कोपऱ्यांचे मिळून चारशे आणि आतल्याचे चाळीस.
 आणि अशा वेळी काय सांगायचं ते तिला मीच शिकवून ठेवलं होतं!
ती वही घेऊन उभी राहिली. किती वेळ कोण जाणे. नागामी सरांनी घड्याळ पाहिलं.  मी मनात म्हणत होते, सांग, सांगून टाक, नेहमीचीच घेऊ, आणि पुढे जा.
ती म्हणाली, "मोरिवाकी, तू बरोबर मोजलंयस. असं का होतं ते मला आत्ता सांगता येत नाहीये. बाकं सरकवा."
बाकं सरकवली! फरशीवर चिकटपट्टीने तोच चौकोन, वर्गभर मोठा. "आता याच्या कडेने चाल. कोपऱ्यावर किती वळतेस ते बाकीचे बघतील."
मोरिवाकी चालली. पहिला कोपरा, डावीकडे. दुसरा, डावीकडे. मग आतला कोपरा – ती वळली आणि तिथेच थांबली.
"अरे! मी उजवीकडे वळले!"
"मग?"
"मग... जास्त फिरले होते ते परत फिरवलं." आठ्या गेल्या. "चाळीस मिळवायचे नाहीत, वजा करायचे! चारशेतून!"
मागून कुणीतरी ओरडलं, "तीनशे साठ!" मग सगळ्यांनाच चालायचं होतं. एकाने तर दोन कोपरे आत गेलेली आकृती लावली आणि वळता वळता पडला. घंटा झाली. टाचणातला निष्कर्ष फळ्यावर आलाच नाही. फळ्यावर चारशे वजा चाळीस, बस्स.

मग चर्चेची बैठक. नागामी सर माणूस वाईट नाही, पण काटेकोर. "बाकं सरकवण्यात सहा मिनिटं गेली. सिद्धता राहिली. आणि वर्गासमोर 'मला सांगता येत नाही' असं शिक्षकाने म्हणायचं?"
इतोहारा वाकलेलीच होती. "चुकलं सर."
"तिचं नाही चुकलं," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. "मे महिन्यात तिने मला नेमकं हेच विचारलं होतं. मी म्हटलं, पुस्तकात नसतं. बावीस वर्षं एक शब्द लिहून मी त्या कोपऱ्याला वळसा घालून जाते, सर. राहिलेली सिद्धता माझी आहे."
सरांनी हातातलं टाचण उलटं केलं. मग म्हणाले, "वळण उलटं असेल तर कोन ऋण धरायचा. मग एकच सिद्धता सगळ्यांना लागू पडेल, नाही का?" आणि खिशातून पेन काढलं! आम्ही तिघं त्यांच्या टाचणाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अर्धा तास लिहीत बसलो. मधली एक ओळ सरांना जमेना, ती इतोहाराने सांगितली.
सरावात ती उत्तीर्ण.
बाहेर सायकली लावल्या होत्या तिथे म्हटलं, "इतोहारा, गेल्या वर्षी मी तुला जे बोलले ते चुकीचं होतं. मला माफ कर."
तिने मान तिरकी केली. "पण बाई, तेव्हा मला खरंच सांगता येत नव्हतं."
"तरीही."
"बरं. माफ केलं." आणि हसली. अशी मोकळी हसताना तिला पहिल्यांदाच पाहिलं.

२७ सप्टेंबर
शुन्जीला सगळं सांगितलं. तो शिंपले चाळत होता. म्हणाला, "एवढं वर्गात घडतं आणि तू मागच्या भिंतीशी बसतेस?"


८ ऑक्टोबर
झोप छान. भूक छान. अडीच तास फक्त आत वळलेल्या आकृत्या काढत बसले. पाठ्यटिपणं नव्याने लिहायला घेतली आहेत.

२१ ऑक्टोबर
जोडशाळेतल्या आठवीच्या गणिताच्या बाई एप्रिलपासून बाळंतपणाच्या रजेवर जाणार. वर्षभरासाठी कुणी हवंय. आज मी अर्ज भरला, स्वतःच्या नावाचा. एक रकाना होता – शाळेत मुलांना शिकवल्याचा अनुभव, वर्षे. बावीस वर्षं शिक्षक घडवतेय, हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. शून्य लिहिलं.