एकाच फळीची रेहाल

केडगाव, ९ फेब्रुवारी २०२५

बेटा अरफा,

अस्सलामु अलैकुम. अम्मीची शुगर ताब्यात आहे. शेळी व्याली, दोन पिल्लं, दोन्ही पाटी. हॉस्टेलचं जेवण बरं मिळत असेल असं धरतो.

या हातांनी काय काय केलं ते आज लिहून ठेवतो, कारण क्वालालंपूरला आवेजच्या कंपनीच्या ऑफिसात माझ्या नावापुढे 'मजूर' टाइप केलं होतं. सागवानी दरवाजे एकशे बारा. सोनईच्या मशिदीचा तीन पायऱ्यांचा मिंबर, इमाम उभा राहतो तो. टेम्पोचे हौदे किती, ते मोजले नाहीत. पाळणा एक, आधी आवेजचा, मग तुझा. आणि रेहाल, कुराण ठेवायची, दोन पाखांची, घडीची. एकाच फळीतून, खिळा नाही, बिजागरी नाही. कोणी शिकवलं नाही. नऊ फळ्या वाया गेल्या, दहावी जमली.

फोनवर तुला म्हणालो, एक दिवस शहर फिरलो, छान आहे. खोटं नाही, पण अर्धंच आहे.

सकाळी सव्वानऊला कंपनीची गाडी आली. सोबत त्यांचा एक हिंदी बोलणारा माणूस, मला 'अंकल, अंकल' करत होता. आवेजच्या खोलीत राहणारा करण, आपल्या काष्टीचा, त्यालाही सुट्टी दिली होती. दोन उंच मनोऱ्यांना जोडणारा पूल आहे, एकेचाळिसाव्या मजल्यावर. सगळे वाकून फोटो काढत होते. मी खाली पाहिलं नाही. करणनेही नाही.

तो कानात म्हणाला, "काका, आमाला हितं दोन वर्सं झाली, कुनी चहा पाजला न्हाई. तुमाला आज बिर्यानी हाय. ध्यानात घ्या."

मग एक वस्तुसंग्रहालय. कोरीव दरवाजे पाहिले. एका चौकटीचा सांधा केसभर, अर्धं सूत, उघडलाय. दुपारी दुसरं, सगळं इस्लामी कलेचं. तिथे काचेत रेहाल होती. त्या माणसाने पाटी वाचून सांगितलं, दोन फळ्या जोडून केलेली. मी गुडघे टेकले, गाल जमिनीला लावला आणि खालून पाहिलं. लाकडाची रेघ एका पाखातून निघून सांध्यातून दुसऱ्या पाखात तशीच जाते. फळी एकच. तेवढ्यात पहारेकरीण धावत आली.

"काका, उठा. ती म्हनती नमाजाची खोली खाली हाय," करण हसत होता.

मी त्या माणसाला सांगितलं, पाटी चुकली आहे. तो म्हणाला, "अंकल, लिखा हुआ है ना."

संध्याकाळी पाच वाजता ऑफिसात त्यांनी कागद पुढे केला तेव्हा तो माणूस हेच वाक्य पुन्हा म्हणाला. करणने वाचून दाखवलं: आवेजने सेफ्टी बेल्टचा हूक लावला नव्हता, म्हणून एकोणिसाव्या मजल्यावरून पडला, चूक त्याची. खाली माझी सही झाली, की चेक.

बेटा, तो बेल्ट मी आदल्या रात्रीच पाहिला होता. करणने खाटेखाली लपवून ठेवला होता. बेल्टला वीतभर दोरी शिल्लक आहे, टोक पिंजलेलं, ताणून तुटलेलं. हूक वर पायपालाच लटकत होता, तो करणने स्वतः काढला. हूक लावलाच नसता तर दोरी तुटली कशी? दोरी कुजकी होती. माझा मुलगा निष्काळजी नव्हता. करवत खुंटीला टांगल्याशिवाय तो जेवायला बसायचा नाही, हे तुला माहीत आहे.

निघताना स्टँडवर तू म्हणालीस, "अब्बा, सही करून या. भाई काही परत येणार नाही." बरोबर आहे. पण तो कागद राहणार होता.

आवेजकडे जाऊन आलो. जागा उतारावर आहे, पाणी साचत नाही. शेजारी झाड आहे, नाव मला कळलं नाही. कबरीवरची माती हाताने सारखी केली. अम्मीला मी एवढंच सांगितलंय.

बेल्ट घेऊन आलोय, तिथे राहिला असता तर नाहीसा झाला असता. तिथल्या एका वकिलाकडे करण साक्ष देणार आहे. नोकरी जाईल म्हटलं तर म्हणाला, "जाऊंद्या, काष्टीत म्हशी हायेत."

तुझ्या नर्सिंगची उरलेली दोन वर्षं त्या पैशात निघाली असती, हे मला कळत नाही असं समजू नकोस. एकशे तेरावा दरवाजा काल सुरू केला. रागावली असशील तर रागाव, पण फोन उचल.

तिथे केली नाही ती सही इथे करतो.

तुझा अब्बा,
अब्दुल गनी शेख, सुतार

ता. क. आकडा लपवला असं व्हायला नको. अकरा लाख चाळीस हजार रुपये देत होते. मी नाही म्हणालो.