ओढ्याकाठची तूर

१२ मार्च १९८९

प्रिय सिद्धलिंगप्पा,

तुझं पुण्याचं पत्र येऊन चार दिवस झाले. उशीखाली ठेवलंय, पण उत्तर लिहायला हात धजत नव्हता. आधी गावाचं सांगतो. तुझ्या घराचं कुलूप आहे तसंच आहे. तुझ्यामागून आणखी सहा घरं गाव सोडून गेली. संध्याकाळी बसवण्णाच्या कट्ट्यावर आम्ही दोघे-तिघेच बसतो आणि विम्याचा विषय निघाला की तलाठ्याच्या नावानं बोटं मोडतो. मीही मोडतो. माझ्यासारखा निलाजरा शोधून सापडायचा नाही.

पीकविम्याची सरकारी रीत तुला ठाऊक आहे. एकेकाचं रान कुणी बघत नाही. होबळीतल्या, म्हणजे आपल्या महसुली मंडळातल्या, सगळ्या गावांत मिळून दहा रानं निवडायची, चिठ्ठीत निघेल तितकी पावलं चालून खुंटी ठोकायची, तिथला पाच मीटरचा चौकोन कापून, मळून, वजन करायचं. सरासरी सरकारनं ठरवलेल्या आकड्याखाली आली तर सगळ्यांना भरपाई, नाहीतर कुणालाच नाही. दुष्काळाच्या त्या साली सगळ्यांची तूर वाळून गेली आणि आपल्या गावातून नेमकं माझं रान निघालं.

मापाच्या दिवशीच सकाळी हळ्ळीखेडचे पाहुणे माझ्या शोभेला बघायला आले होते. मुलाचे चुलते "रान तरी बघू" म्हणत बांधावर हजर. नरसिंग तलाठ्यानं पावलं मोजली. खुंटी आली माळाकडच्या वाळक्या काटक्यांत.  ओढ्याकाठी चार ओळी तूर कमरेएवढी उभी होती. नरसिंगला बाजूला घेऊन हात जोडले, तिथं माप म्हणालो. आधी ऐकेना. मग पाहुण्यांकडं बघून म्हणाला, "अण्णा, पोरीचं काम हाय. पाव्हण्यांपुढं मान खाली कामून घालायची? ठोकतो तिथं." वजन झालं तेव्हा चुलते मिशीत हसले. आठ दिवसांत सुपारी फुटली.

सरासरी आकड्याच्या वर गेली ती एकरी नऊ किलोनं. एवढा हिशेब करायला शाळा लागत नाही, सिद्धलिंगप्पा. ते नऊ किलो माझेच.

पुढं तलाठ्यानं पैसे खाल्ले म्हणून तू अर्ज लिहिलास. त्यावर तिसरी सही माझी आहे. केली नसती तर लोकांनी कारण विचारलं असतं, आणि लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. चौकशीत नरसिंगनं माझं नाव घेतलं नाही. नोकरी गेली, अपिलाची मुदतही गेली. परवा तालुक्याला, आळंदला जाऊन, दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून, कारकुनाला विचारलं. त्या सालची भरपाई आता कुणालाच मिळत नाही म्हणाला. म्हणजे मी छाती बडवून खरं सांगितलं तरी तुझं घर उघडायचं नाही.

तू लिहिलंस, पुण्यात बांधकामावर नरसिंग विटा वाहताना दिसला आणि चार माणसांत तू त्याच्या थोबाडीत मारलीस.  त्यानं एवढंच विचारलं, "नागनाथअण्णाची लेक सुखात हाय का?" तुला तो कोडगेपणा वाटला. म्हणून हे लिहावं लागलं. त्याला शोध, आणि सांग, सुखात आहे, तिला मुलगा झालाय. दुसरं काही सांगायला मला तोंड राहिलेलं नाही.

तुझाच,
नागनाथ