पांढरा फेस

४ ऑक्टोबर

सकाळी कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीचा जिना चढले आणि वरच थबकले. पांढरा फेस. आपला फेस कसा, चहात दूध जरा कमी पडावं तसा तपकिरी, आणि वास ओल्या मातीचा. आज धुण्याच्या साबणासारखा फेस आणि मातीच्या वासाचा पत्ता नाही. म्हणजे काहीतरी मेलं.

थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एरवी तिथं बाजार भरलेला असतो. आज कुणी हलेना. ही माझी मंडळी. जिवाणूंना मी मंडळीच म्हणते. मासळी कापून-धुऊन झालेलं पाणी हॉलमधून माझ्याकडे येतं. जाळीत खवले अडतात, पुढे चरबी वर काढून घेतो, आणि उरलेलं रक्तपाणी ही मंडळी खाऊन निवळ करतात. मग ते खाडीत सोडायचं.

दुपारी उलगडा झाला. उद्या खरेदीदार कारखाना पाहायला येणार, म्हणून मुकादमबाईंनी काल हॉलच्या फरशीवर ब्लीचिंग पावडरची पोतीच्या पोती रिकामी केली. "मॅडम, डॉक्टरनं येऊन ऑपरेशन करावं, इतकी लख्ख केलीय!" केवढ्या अभिमानानं सांगत होत्या. ते सगळं गटारातून माझ्या टाकीत. आता बाईंना काय बोलणार? त्यांना फरशी दिसते, मंडळी दिसत नाहीत.

साहेबांकडे गेले. म्हटलं, खाडीकडचा व्हॉल्व बंद करते. पाणी साठवण टाकीत घेते. ती भरली की हॉल थांबवावा लागेल.

"पाहुणे जाऊ द्यात, मॅडम. एवढ्यानं काय खाडी आटणार आहे?"

मी "बरं" म्हणून आले.

५ ऑक्टोबर

पाहुणे खूश. फरशीचं फार कौतुक झालं म्हणे.

खाडीत जाणारं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. व्हॉल्व उघडाच.

आमच्या नळाच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर भाऊजींच्या दोऱ्या आहेत, कालवं वाढवायच्या. भाऊजी म्हणजे माझे सख्खे धाकटे दीर. मी इथे लागल्यापासून चारचौघांत मला "कारखान्याच्या वहिनी" म्हणतात. वर्षभर वाढवलेली कालवं ते याच आठवड्यात काढणार आहेत. लोक ती कच्ची खातात.

रात्री जेवण गेलं नाही. ह्यांनी माझं ताट झाकून ठेवलं.

६ ऑक्टोबर

व्हॉल्व बंद केला. कुणाला विचारलं नाही.

७ ऑक्टोबर

साठवण टाकी गळ्याशी आली. दुपारी हॉल थांबला. कापणाऱ्या बायका जिन्यात बसल्या होत्या. एक म्हणाली, "मॅडम, तुमच्या किड्यांचं दुखणं आणि सुट्टी आम्हाला!" हसल्या सगळ्या. साहेब तेवढे हसले नाहीत. मी मात्र त्यांच्या समोरच दुग्धशाळेला फोन लावला आणि तिथल्या सांडपाण्याच्या टाकीतला जिवंत गाळ, म्हणजे नवी मंडळी, टँकरभर मागवली. स्वयंपाकघरात काय आणि इथे काय, विरजण शेजारूनच आणावं लागतं.

संध्याकाळी भाऊजींकडे जायला निघाले. हे म्हणाले, "माझा भाऊ आहे. मी बोलू का?" म्हटलं, पाणी माझं आहे, मीच बोलते.

भाऊजी अंगणात टोपल्या धूत होते. उद्याच काढणी. उभ्या उभ्याच सांगून टाकलं — आमचं पाणी न निवळता खाडीत गेलंय. कालवं तेच गाळून पितात. चांगल्या पाण्यात राहिली की आपली आपण धुऊन निघतात, पण त्यांना महिनाभर तरी द्या. तोवर एकही काढू नका.

त्यांनी टोपली खाली ठेवली. बोलली ती जाऊ. "ताई, हे परवाच का नाही सांगितलंत?"

"साहेब थांबा म्हणाले."

"आणि तुम्ही थांबलात! घरात तर आजवर कुणाचं ऐकलं नाहीत."



भाऊजी म्हणाले, "मी तक्रार केली तर खरं सांगाल?"

"सांगेन."

"कारखान्याच्या विरुद्ध?"

"एकदा सांगितलं ना."

चहा कुणी विचारला नाही. बरोबरच आहे.

१२ ऑक्टोबर

विरजण लागलं. फेसाला कडेनं रंग येतोय. थेंबात एक जण इकडून तिकडे पळताना दिसला. त्याला बराच वेळ पाहत बसले. साठवण टाकीतलं थोडं पाणी टँकरनं दुग्धशाळेकडे पाठवलं, तेवढ्या जागेवर हॉल अर्धा सुरू केला.

भाऊजींनी काढणी थांबवली आहे. गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली, जाऊ ह्यांना फोनवर सांगत होती. ताईंना फोन द्या म्हणाली नाही.

१७ ऑक्टोबर

पाणी निवळलं. पेल्यात धरलं तर पलीकडची खिडकी दिसते. व्हॉल्व उघडला.

तासाभरात साहेबांचं बोलावणं. टेबलावर भाऊजींची तक्रार.

"यांना आतलं कुणी सांगितलं?"

"मी."

"नातं आड आलं म्हणायचं."

"नातं नसतं तरी सांगितलं असतं. कदाचित आणखी लवकर."

त्यांनी आवाज चढवला नाही. आता विश्रांती घ्या म्हणाले, किल्ल्या ठेवून जा. ठेवल्या. मुकादमबाई फाटकापर्यंत आल्या, डोळे पुसत. त्यांना म्हटलं, रडू नका, पावडर मोजून टाका.

घरी हे म्हणाले, "बरं झालं. आपल्या मोरीचा नळ कधीचा गळतोय." हसू आलं. मग मोरीतच जाऊन तोंड धुतलं.

२१ ऑक्टोबर

भाऊजी आले होते. कधी नाही ते चपला नीट जोडीनं काढल्या. साहेबांनी त्यांना माझ्या जागेवर घेतलंय. बदल्यात भाऊजींनी तक्रार मागे घेतली. दोऱ्या तिथेच आहेत, त्या जाऊ सांभाळणार.

मी चहा ठेवला. उकळल्यावर दोन कपांत गाळला.

मग त्यांनी विचारलं, "वहिनी, फेस पांढरा दिसला तर आधी काय करायचं?"

"आधी व्हॉल्व बंद करायचा," म्हटलं. "साहेबांना नंतर सांगायचं."