सुप्रभाचा घोडा

नॉटिंगहॅम, फेब्रुवारी २००८

श्रीनिवासदादा यांस,

मेव्हण्याचा वाकून नमस्कार (वाकता येतंय तोवर करून घेतो). तुमचे गुडघे, वहिनींची शुगर आणि कोशाचं काम बरं चाललंय असं धरून चालतो. लग्नात हुंडा घेतला नाही, पण तुमच्या घराण्याचं व्युत्पत्तीचं खूळ मात्र माझ्या पदरात पडलं, त्याचीच ही रडकथा.

सुप्रभाच्या फुप्फुसांचं तुम्हाला ठाऊक आहेच. कन्सल्टंटनं रोगाचं नाव सांगितलं त्याच दिवशी तिनं फर्मान काढलं, की ते नाव या घरात घ्यायचं नाही. इंग्रजीत नाही, मराठीतही नाही. पण आश्लेषा रोज ग्लासगोहून फोन करते, लेकीला काहीतरी सांगावं लागतंच. म्हणून सुप्रभाला अर्थ लागणार नाही असा शब्द मी शोधू लागलो. तो आमच्या हॉस्पिटलातल्या मिहाईनं पुरवला (भूल देणारा रुमानियन डॉक्टर, चहाला बसला की आजोबांच्या तबेल्यातून बाहेर येत नाही). तिग्नाफेस. घोड्यांचा कसलासा रोग. सुप्रभा हसली आणि नाव मंजूर झालं. मग 'आज तिग्नाफेस शांत आहे', 'रात्री जरा उधळलं' अशी बुलेटिनं ग्लासगोला जाऊ लागली. नात मायरा सहा वर्षांची, तिनं त्यातला घोडा तेवढा उचलला. 'आजी, तुझी हॉर्स आज काय खाल्ली?' असं विचारायची. पोस्टानं गाजरंही पाठवली (पोचेपर्यंत ती लोणच्याच्याही लायकीची उरली नव्हती). सुप्रभा त्या नसलेल्या घोड्याच्या खोड्या दम खात खात सांगत बसायची. इतकी खुशीत मी तिला आजारपणात पाहिली नव्हती.

तेवढ्यात माझ्यातलं तुमचं खूळ जागं झालं. मिहाईला घेऊन लायब्ररीत रुमानियन कोश उघडला. शब्द तुर्की निघाला, तिक्नेफेस. त्यातला नेफेस म्हणजे श्वास, तोही मूळचा अरबी. अख्ख्या शब्दाचा अर्थ श्वास कोंडलेला. अरबस्तानातून तुर्कस्तान, तिथून रुमानियातले तबेले, तिथून थेट आमचं किचन! जेवताना मी हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. तिनं हातातला घास खाली ठेवला. म्हणजे तेच ना, एवढंच म्हणाली. तेव्हापासून घरात घोड्याचा विषय नाही. मायरानं विचारलं तर विकला म्हणून सांगितलं, आणि पोर फोनवरच रडली. दादा, मला फार वाईट वाटतंय.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
पद्माकर

ता. क. तुमच्या कोशात 'व्युत्पत्ती अज्ञात' असा शेरा मारलेले शब्द असतीलच. त्यातला एखादा पाठवा. अर्थ मलाही कळवू नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवताना सुप्रभानं पत्र मागून घेतलं आणि वाचलं. म्हणाली, शब्द कसले मागताय, दादाला म्हणावं, ये. विमानाची भीती वाटते त्याला, तरी ये म्हणावं. एवढं बोलताना ती तीनदा थांबली.