सान्वीचा वाडगा

कोपरी, ११ फेब्रुवारी २०२६

ती. नीलाआत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर मी आधी रडते आणि मग सांगते, म्हणून कागदावर लिही, असं तूच म्हणालीस. सम्यकदादा रोज मोहन्याहून वागळे इस्टेटला कामावर जाताना पत्र न्यायला-आणायला तयार आहे. चहा मात्र पाजावा लागतो.

बालवर्गात आमचा पाण्याचा पाठ चालू आहे. काय तरंगतं, काय बुडतं, ते झालं. माझी ओढणी भिजली, पण मुलं खूश. मग काचेचा वाडगा भरून खिडकीत उन्हात ठेवला. रोज पाण्याच्या रेघेवर बाहेरून एक टिकली लावायची आणि पाणी कमी होताना बघायचं. आत्या, आठवडा होत आला, पाणी कमी होतच नाही! उलट पहिल्या टिकलीच्याही वर गेलंय. वरून एसीचं पाणी ठिबकत असेल म्हणून वाडगा सरकवला, तरी तेच. सर्वेशने तर घरी बाटली उन्हात ठेवली. टीचर म्हणाल्या पाणी वाढतं, असं आईला सांगितलं. मी असं कधी म्हणाले गं?

पुढच्या शुक्रवारी मोठ्या बाई पालकांसोबत माझा पाठ बघणार आहेत. मला जूनपासून ठेवायचं की नाही, ते त्यावरच ठरेल. शेजारच्या वर्गाच्या हेमाताई म्हणतात, आदल्या दिवशी गुपचूप अर्धं ओतून टाक, कोण बघतंय. मला ते जमेल असं वाटत नाही आणि दुसरं काही सुचतही नाही.

तुझी,
दर्शना


मोहने, १२ फेब्रुवारी

चि. दर्शना हिस अनेक आशीर्वाद.

उन्हात पाणी वाढत असतं तर मी आख्ख्या मोहन्याची भांडी गच्चीवर मांडली असती. तुला बाराखडी मी शिकवली, त्यामुळे निम्मी चूक माझी धर आणि जेव. सम्यककडे डब्यात सुकटीची चटणी दिली आहे.

तुझं पत्र वाचून मला चार वर्षांची दर्शना आठवली. सकाळी नळ आला रे आला की तू घरातली सगळी भांडी पालथी करायचीस. आमच्या ह्यांनी नुकताच भरलेला तांब्यासुद्धा तू कढीपत्त्याला ओतलास. शिळं पाणी ठेवायचं नसतं, असं वर आम्हालाच ऐकवलंस. तुझ्या वर्गात तुझी कोणी बहीण आहे का, ते सकाळी लवकर जाऊन बघ. सापडली तर ओरडू नकोस. तुला ओरडले तर तू दिवसभर पाणी प्यायली नव्हतीस.

आणि गुपचूप ओतायचं नाही. झालं ते मुलांसमोर सांग. बाईंनी नाही ठेवलं तर दुसरी शाळा बघू.

तुझी,
नीलाआत्या


कोपरी, २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

सापडली! तुझं पत्र मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी दाराआड उभी राहिले. सान्वी सगळ्यांच्या आधी आली. वाडगा कुंडीत ओतला, नळाखाली भरला आणि टिकल्या न हलवता फ्रॉकने पुसून जागेवर ठेवला. मी विचारलं, तर मलाच दटावत म्हणाली, शिळं पाणी कोण ठेवतं टीचर, मम्मी ओरडते. मी ओरडले नाही. शेजारी दुसरा वाडगा ठेवला आणि मुलांना सांगितलं की पहिला सान्वीचा, दुसऱ्याला कोणीच हात लावायचा नाही.

आज पालकांसमोर मी आधी हेच सांगितलं, की आठवडाभर मुलांना चुकीचं दिसत होतं आणि ते मला कळलं नव्हतं. बाईंच्या कपाळावर आठी आली. मी दोन्ही वाडगे पुढे ठेवले. दुसऱ्या वाडग्यात टिकल्या पायऱ्यांसारख्या खाली उतरल्या होत्या. हे पाणी कुठे गेलं, असं बाईंनी विचारलं. समृद्धी म्हणाली, पंखा प्यायला. सर्वेश म्हणाला, उन्हाने नेलं. मग सान्वी उठली आणि म्हणाली की माझ्या वाडग्यातलं पण ऊन नेतं, पण मी रोज भरते ना, म्हणून दिसत नाही.

बाईंची आठी गेली. जाताना मला म्हणाल्या, जूनमध्ये दोन्ही वाडगे घेऊन या.

सगळे गेल्यावर सान्वी जिन्यावरून परत आली. आता तरी तो दुसरा भरू का, तिने विचारलं. आठवडाभर बिचारीने कसं सोसलं असेल! मी हो म्हटलं.

तुझी मायाही सान्वीच्या वाडग्यासारखीच आहे आत्या, कधी कमी झालेली दिसली नाही. अशीच भरत राहा.

तुझी,
दर्शना